बसा हो, येरझारे!

येरझारे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांसारखं आहे, पण ते आता पासपोर्टावर आणि दवाखान्याच्या पत्रांवरच उरलंय. इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या मराठी घरांत त्यांना सगळे येरझारेच म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना ते चालतं. तसं त्यांना सगळंच चालतं, बसणं तेवढं चालत नाही.

जेवायला बोलावलंत की दारात बूट काढून "वा, वा" म्हणत आत येतात. आपण म्हणतो, "बसा." ते "हो, हो" म्हणतात आणि पुस्तकांच्या कपाटापाशी जातात. तिथून खिडकीशी, खिडकीवरून मागच्या बागेत, बागेतून स्वयंपाकघरात. पानं वाढून होईपर्यंत तुमच्या घरातला कोणता नळ ठिबकतो, कुठल्या भिंतीला ओल आहे आणि बॉयलरचा दाब किती आहे, हे त्यांना तुमच्याहून चांगलं कळलेलं असतं. फारच आग्रह केला तर सोफ्याच्या हातावर टेकतात. बसणं आणि उठणं यांच्या अधेमधे टेकणं नावाचं एक ठिकाण आहे. येरझाऱ्यांचा कायमचा मुक्काम तिथे. नव्या यजमानीणबाईंना वाटतं, पाहुण्यांना आपलं घर आवडलेलं दिसत नाही. जुन्या यजमानीणबाई त्यांच्या हातात कोशिंबिरीचं भांडं देऊन त्यांना वाढायला लावतात.

सकाळी हा मनुष्य अगदी तुमच्याआमच्यासारखा असतो. अकरा वाजता गाडीच्या गॅरेजात तासभर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो. त्यामुळेच लोकांना संशय येतो की संध्याकाळचं ते सगळं सोंग. पण दुपार कलली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी चुळबुळायला लागतं, दिवेलागणीला ते जोर धरतं आणि रात्री अंथरुणाला पाठ लागली की येरझाऱ्यांना उठवून उभं करतं. चार पावलं टाकली की आराम. थांबले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाय हलवण्याची अनावर ओढ, स्वस्थ बसल्यावर ती वाढणं, हालचालीने शमणं आणि संध्याकाळनंतर बळावणं, या चार खुणांवरून डॉक्टर हा आजार ओळखतात. दुसरं काही दुखणं तर असं भासवत नाही ना, एवढं तपासून घेतात. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असं त्याचं नाव. नावात पाय असले तरी बिघाड मेंदूतला: तिथे लोह कमी पोचतं आणि डोपामीन नावाच्या रसायनाचं तंत्र बिनसतं. "पाय निर्दोष आहेत," येरझारे म्हणतात, "खरा आरोपी वरच्या मजल्यावर राहतो."

हे सगळं आता कळतंय. पहिल्यांदा जीपीकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, गेले तेव्हा झोप लागत नाही, एवढंच सांगता येत होतं.

"पाय दुखतात का?" तरुण डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"बधिर होतात?"

"नाही."

"गोळे येतात?"

"नाही."

"मग होतं काय?"

"हलवावेसे वाटतात."

"मग हलवा."

दहा मिनिटांची भेट तीन मिनिटांत आटोपली. उरलेली सात मिनिटं येरझाऱ्यांनी दवाखान्याबाहेर फेऱ्या मारण्यात सत्कारणी लावली. घरी येऊन वहिनींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत, कळ म्हणावी तर कळ नाही. शेवटी म्हणाले, "हाडाच्या आत खाज सुटलीय आणि तिथवर हात पोचत नाहीये."

वहिनी म्हणाल्या, "मामंजी अगदी हेच म्हणायचे."

तेव्हा कुठे घराण्याचा उलगडा व्हायला लागला. मिरजेच्या घरी वडिलांचे पाय चेपणं हा पोरांचा रोजचा कार्यक्रम होता. शुभं करोतीनंतर पाढे, पाढ्यांनंतर पाय. आजोबा रात्री ओसरीवर चालत असत. गल्लीला वाटायचं, जप चाललाय. एक आत्या पहाटे तीनला उठून अंगण झाडायची आणि तिच्या कामसूपणाचे दाखले सगळ्या सुनांना दिले जायचे. आजार कुणीच म्हणालं नाही. एकाला भक्त ठरवलं, एकीला गुणाची, आणि वडिलांची सेवा तर मुलांचं कर्तव्यच होतं. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांच्या रक्ताच्या नात्यात तो आणखी कुणाला तरी असतोच, असं डॉक्टर सांगतात. येरझाऱ्यांच्या घरी तो सगळ्यांना होता. फक्त आजीला नव्हता. ती पाटावर मांडी घालून तासन्‌तास बसायची आणि पाय हलवणाऱ्या प्रत्येक नातवाला दटावायची, "पाय हलवू नकोस रे मेल्या, घरात दारिद्र्य येतं." हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे ते खरं ठरायचं आहे.

आजाराचा इतिहास हा येरझाऱ्यांचा आवडता विषय. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. बिछाना या लोकांना छळाच्या जागेपेक्षा बरा वाटत नाही, असा त्याचा आशय. पुढे पावणेतीनशे वर्षं या लोकांकडे जग चंचल म्हणूनच पाहत राहिलं. १९४५ मध्ये कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टराने सविस्तर प्रबंध लिहून आजाराचं बारसं केलं. येरझारे एकबोमचा आदर करतात, पण जीव विलिसवर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे विलिसने लिहिलं तेव्हा त्याला दोन वर्षं अवकाश होता, हे गणित त्यांनीच मांडलं. तेव्हापासून कुणी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" की ते ताठ उभे राहून (उभे असतातच) सांगतात, "आमचा आजार शिवकालीन आहे."

अशा मनुष्याने लेस्टरला यावं, ही दैवाची गंमत म्हणायची. व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल शिकून येरझारे इथल्या होजिअरीत आले. होजिअरी म्हणजे मोजे, स्टॉकिंग्ज, बनियनं. हे गाव त्यावरच मोठं झालं. कोराह कंपनीचा सेंट मार्गारेट कारखाना एकेकाळी युरोपातल्या नामांकित होजिअरी कारखान्यांत होता. मोजे विणणारी यंत्रं इथे, बूट इथे, बूट बनवायची यंत्रंही इथेच. थोडक्यात, निम्म्या जगाच्या पायांची सोय या गावाने केली. येरझाऱ्यांनी हजारो अनोळखी पोटऱ्यांना ऊब दिली आणि स्वतःच्या दोन पोटऱ्या त्यांना आवरल्या नाहीत. पुढे होजिअरी बसली. तीही बसली, असं ते म्हणतात. मग निवृत्त होईपर्यंत कॉलेजात गणित शिकवलं. फळ्यासमोर उभं राहायला पगार मिळतो, यासारखी नोकरी त्यांच्या मते दुसरी नाही.

त्यांचं घर मेल्टन रोडजवळच्या एका गल्लीत, दोन्ही बाजूंच्या घरांना भिंत लावून असलेलं. रात्री दोनला जिना उतरल्याचा आवाज शेजारच्या गुजराती बांना ऐकू जातो. बा १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेल्या लोकांबरोबर युगांडातून आल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की कृपा करून इकडे येऊ नका. बा आल्या. तेव्हापासून त्या कुणाचा सल्ला ऐकत नाहीत, देतात मात्र भरपूर. "भाई, चादर नीचे साबु मूको," त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मावलं. चादरीखाली साबणाची वडी ठेवायचा हा तोडगा गोऱ्यांतही चालतो. कसा चालतो ते विज्ञानाला कळलेलं नाही, कारण बहुधा तो चालतच नाही. येरझाऱ्यांनी म्हैसूर सँडल ठेवून पाहिला. रात्रभर पाय वळवळले, पण सुवास चांगला होता.

मग गावाने उपचार हातात घेतले. तांब्याची अंगठी. रात्री केळं. काशाच्या वाटीने तळपायाला तूप. कुणीतरी टॉनिक वॉटर सुचवलं, त्यात क्विनाइन असतं म्हणून. ते पायांत गोळे येऊ नयेत म्हणून प्यायची रीत, आणि येरझाऱ्यांना गोळे येतच नाहीत, तरी प्यायले. पुण्याहून मेव्हण्याने महानारायण तेल पाठवलं. ते चोळताना फार बरं वाटायचं, पण चोळणारा थांबला की संपलं, आणि वहिनींनाही झोप असते. गरम पाण्याची अंघोळ, मग गार पाणी, मॅग्नेशियम, योग. शवासनात शिक्षिका म्हणाल्या, "आता पाय विसरून जा." येरझारे वर्गातून उठून गेले ते परत गेलेच नाहीत.

सगळ्यात मोठी फसगत झोपेच्या गोळीने केली. औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते ती, डायफेनहायड्रामिनची. सर्दी-खाजेवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या औषधांच्या कुळातली ही गोळी या आजाराला खतपाणी घालते. उलटीवरची काही औषधं, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, दारू आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत कॉफी यांचीही तीच गत. झोप यावी म्हणून गोळी, गोळीमुळे पाय जास्त, पाय जास्त म्हणून आणखी एक गोळी. त्या दिवसांत येरझारे एकाच वेळी पेंगत आणि धावत असत. मी ते पाहिलंय, म्हणून सांगतो. नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

अखेर एका जाणत्या डॉक्टरीणबाईंनी आजार ओळखला आणि रोपिनिरोल लिहून दिलं. मेंदूत डोपामीनची नक्कल करणारं हे औषध मूळचं पार्किन्सनचं, पण थोड्या मात्रेत पायांनाही लागू पडतं. पहिल्या दोन-चार रात्रींतच चमत्कार झाला. येरझारे झोपले. सकाळी आठला वहिनींनी श्वास चालू आहे ना, ते बघितलं. बांनी येऊन विचारलं, "भाई गाम गया छे?" रात्री जिना वाजला नव्हता ना! गावभर पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. येरझारे भेटेल त्याला सांगत सुटले, की विज्ञान जिंकलं. तेव्हा ते बसूनही सांगत.

हा सुवर्णकाळ दीडेक वर्षं टिकला. मग रात्री दहाचे पाय आठला जागे व्हायला लागले. मात्रा वाढवली. पाय निवले, आणि काही महिन्यांनी संध्याकाळी पाचला उठले. पुन्हा मात्रा वाढवली. आता दुपारी दोनला, आणि पायांच्या जोडीला दंडही. ज्या मनुष्याचे रात्रीपुरते दोन अवयव बेचैन होते, त्याचे दिवसभर चार झाले. याला ऑगमेंटेशन म्हणतात. औषधच आजाराला पोसतं, आणि आजार वाढला असं समजून आपण औषध वाढवतो. यातली खरी मेख अशी, की मात्रा वाढवल्यावर थोडे दिवस खरोखर बरं वाटतं, त्यामुळे चोरावर संशयच येत नाही.

त्याच सुमारास घरी ऑर्गन यायला लागले. जुन्या संगीत नाटकांत साथीला असायचा तसला, पायांनी भाता हलवायचा ऑर्गन. या देशात बंद पडलेल्या चॅपलांतून ते मिळतात. कुणाला नको असतात. येरझाऱ्यांना हवे होते. पहिला आला तेव्हा वहिनींना कौतुक वाटलं. दुसरा आला तेव्हा त्यांनी जागा करून दिली. तिसरा लिंकनशायरहून भाड्याच्या व्हॅनमधून आला आणि दिवाणखान्यातला सोफा गॅरेजात गेला. मग पायाची शिलाई मशिनं. मग रात्री तीनला ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतलेली, चर्चच्या घंटेची एक दोरी. घंटा नव्हे, नुसती दोरी. बँकेतून पत्र आलं, तेव्हा वहिनींनी कपाट उघडलं, औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढला आणि भिंग लावून वाचला. येरझारे जगातलं सगळं वाचतात, तो कागद सोडून. त्यात स्पष्ट छापलं होतं: या औषधाने काही जणांना अनावर जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं यांची ओढ लागते. आणखी एक ओढही छापली होती. ती वहिनींनी मनातच वाचली आणि ऑर्गनवरच भागलं, म्हणून देवाचे आभार मानले.

"आजी म्हणायचीच," येरझारे शून्यात बघत म्हणाले, "पाय हलवले की दारिद्र्य येतं."

औषध एकदम सोडता येत नाही. एकदम सोडलं तर पाय जो सूड घेतात त्याला तोड नाही. थेंबाथेंबाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं. तज्ज्ञांच्या भेटीची तारीख यायलाच काही महिने गेले. प्रतीक्षागृहात फलक होता, कृपया आसनस्थ व्हावे. त्या फलकासमोर येरझाऱ्यांनी किती फेऱ्या मारल्या ते मोजायला कुणी नव्हतं. मग मात्रा उतरायला लागली आणि प्रत्येक उताराबरोबर जागरणाची एक नवी लाट आली. शेवटचा तुकडा सोडला, तेव्हाचे दिवस वहिनी अजून आठवू देत नाहीत.

त्या दिवसांत लेस्टर रात्री कसं दिसतं, ते येरझाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक नाही. बेलग्रेव्ह रोडवरून निघायचं. दुकानांच्या काचांआड साड्या नेसलेल्या बाहुल्या उभ्या. त्याही रात्रभर उभ्याच, तेव्हा सोबत होते. क्लॉक टॉवर ओलांडून कॅथेड्रलपाशी जायचं. तिथे तिसरा रिचर्ड राजा झोपलाय. २०१२ मध्ये तो इथल्या वाहनतळाखाली सापडला आणि मार्च २०१५ मध्ये त्याला राजेशाही थाटात पुन्हा पुरलं. सांगाडा जवळजवळ पूर्ण मिळाला, पण पावलं नव्हती. मधल्या काळातल्या कुठल्या तरी बांधकामात ती गेली असावीत. येरझारे कॅथेड्रलबाहेर उभे राहून दोन मिनिटं त्याचा हेवा करत. मग न्यू वॉक. गावाच्या कारभाऱ्यांनी १७८५ मध्ये निव्वळ पायी फिरायला आखलेला रस्ता, आजही गाड्यांना बंद. "दूरदृष्टी!" ते म्हणतात. शेवटी स्टेशनाबाहेर थॉमस कुकच्या पुतळ्यापाशी. हा कुक १८४१ च्या जूनमध्ये दारूबंदीच्या सभेला मार्केट हारबरोहून लेस्टरला पंधरा मैल चालत येत होता, आणि चालता चालता त्याला सहलीची कल्पना सुचली. ५ जुलैला त्याने पाचशेच्या आसपास माणसं रेल्वेने लफबरोला नेली आणि जगाला पर्यटनाचा नाद लावला. पंधरा मैल चालत येतो, दारू पीत नाही, स्वस्थ बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही: कुकला नक्की आपलाच आजार होता, असं येरझाऱ्यांचं निदान आहे. पुरावा मागू नका. दिवसाच्या फेरीत मात्र न्यूआर्क हाउसेस संग्रहालय लागतं. तिथे डॅनियल लँबर्टची खुर्ची ठेवलीय, १८०९ मध्ये वारला तेव्हा हा गृहस्थ सव्वातीनशे किलोंच्या वर होता. त्या खुर्चीसमोर उभं राहून येरझारे म्हणाले होते, "बसला असेल हो हा माणूस, काय बसला असेल!"

एकदा पहाटे तीनला पोलिसांची गाडी थांबली. "सगळं ठीक आहे ना, सर?" येरझाऱ्यांनी डोपामीनपासून सुरुवात केली. विलिसपर्यंत पोचले तेव्हा पोलीस गाडीतून उतरून त्यांच्याबरोबर चालत होता. त्याच्या आईला हेच होतं. दोघांनी मिळून तिचं लोह तपासायचं ठरवलं.

लोहाची गोष्ट मात्र शांतपणे ऐकण्यासारखी आहे. येरझाऱ्यांच्या रक्ताचा अहवाल दर वेळी "नॉर्मल" यायचा. हिमोग्लोबिन उत्तम. पण शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते फेरिटिन, आणि त्यांचं होतं ३१. प्रयोगशाळेच्या लेखी ते नॉर्मलच. या आजारात मात्र ते ७५ च्या खाली असेल तर लोह द्यावं, असं जाणकार सांगतात. मेंदूला पोचायला साठा भरपूर लागतो. मग गोळ्या सुरू झाल्या, संत्र्याच्या रसाबरोबर, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद, कारण चहा लोहाला आतड्यातच अडवतो. सातत्याने हालअपेष्टा सोसलेला हा मनुष्य चहा बंद म्हटल्यावर प्रथमच रडकुंडीला आला. शाकाहार, दिवसाला सहा कप, वर लोहाची तक्रार: आपल्याकडच्या निम्म्या घरांचं हेच चित्र असेल. गोळ्यांनी आकडा हलेना, तेव्हा इस्पितळात शिरेतून लोह दिलं. ते काम पाव तासाचं, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. सकाळची वेळ मागून घेतली होती, म्हणून निभावलं. गुण यायला पुढे काही आठवडे गेले.

जोडीला गॅबापेंटिन. हे डोपामीनच्या वाटेला जात नाही, त्यामुळे ऑगमेंटेशनचा तो खेळ करत नाही; पण सुस्ती येते, तोल जातो, श्वासाचा त्रास असलेल्यांनी जपावं लागतं. एप्रिल २०१९ पासून या देशात ते आणि प्रिगॅबालिन ही दोन्ही नियंत्रित औषधं आहेत. मेव्हणा म्हणाला, "पुण्याहून लाडवांबरोबर पाठवतो की!" येरझारे म्हणाले, "नुसते लाडू पाठव." जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं छापली. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल वगैरे डोपामीनवाली औषधं सरसकट देऊ नयेत, असं त्यांत म्हटलंय. गॅबापेंटिनचं कुळ आणि शिरेतलं लोह यांना पुढे बसवलंय. येरझाऱ्यांनी तो कागद छापून चार घरी नेऊन दिला. बांनी तो साबणाच्या वडीखाली ठेवला.

तरी पाय पुरते गेलेले नाहीत. संध्याकाळी आठ ते दहा हा घातवार अजून उरलाय. त्यावर दोन उपाय सापडले. पहिला ऑर्गन. तिन्हींतला एक वहिनींनी राहू दिला. त्यावर बसलं की पाय हलतात आणि बसल्याचं पुण्यही मिळतं. येरझाऱ्यांना एकच नांदी येते. ती सगळ्या गल्लीला पाठ झालीय. दुसरा उपाय भांडण. मन कशात तरी चांगलं गुंतलं की पाय गप्प राहतात, हे डॉक्टरही मान्य करतात. शब्दकोडं, पत्ते, काहीही चालतं. पण येरझाऱ्यांना वादाइतकं काहीच गुंतवत नाही. हे वहिनींच्या लक्षात आलं. रात्री साडेनऊला पायांची चुळबुळ सुरू झाली की त्या विणकामातून मान वर न करता म्हणतात, "मला तर वाटतं बाई, वाडेकरापेक्षा पतौडीच बरा कर्णधार होता." झालं! १९७१ चं ओव्हल, चंद्रशेखरचे अडतीस धावांत सहा बळी, वाडेकराने त्याला ज्या वेळी चेंडू दिला ती वेळ. पाऊण तास येरझारे खुर्चीत बसून तावातावाने बोलतात आणि पाय तसूभरही हलत नाहीत. वहिनींना क्रिकेटमधलं काही कळत नाही. पण कोणत्या वाक्याला किती मिनिटं मिळतात ते त्यांना पाठ आहे. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, याला वीस मिनिटं. त्यांच्या धाकट्या जावयाचा विषय काढला तर दीड तास, पण तो औषध म्हणून फार कडक पडतो.

या सगळ्या काळात इथल्या मराठी मंडळींचा एक गोड गैरसमज झाला होता. गणपती असो, नाटक असो, हळदीकुंकू असो, सगळे बसलेले आणि येरझारे उभे. त्यामुळे स्वच्छतागृह कुठे, हे त्यांना विचारलं जाई. माईक बिघडला की त्यांच्याकडे पाहिलं जाई. हळूहळू किल्ल्या त्यांच्याकडे आल्या, मग खुर्च्या मांडायचं काम, मग हिशोब. अथक कार्यकर्ता अशी ख्याती झाली आणि एका वर्षी सत्कार ठरला. संध्याकाळी सात वाजता. व्यासपीठावर, मखमली खुर्चीत. पहिले वक्ते बोलायला उठले, "या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नाही!" टाळ्या. येरझाऱ्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग उलटा टाकला. दुसरे वक्ते उठले, तेव्हा ते खुर्चीच्या कडेला आले. तिसऱ्यांनी "विश्रांती हा शब्द ज्यांच्या कोशात नाही" असं म्हटलं आणि येरझारे शाल, नारळ बाजूला ठेवून उठले, गेले, स्पीकरची तार नीट करू लागले. सभागृह उभं राहिलं. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

लोह चढलं, गॅबापेंटिन बसलं आणि पुढच्या दिवाळीला येरझाऱ्यांनी दोन अंकी नाटक पहिल्या रांगेत बसून पाहिलं. सबंध. मध्यंतराला मंडळाचे चिटणीस वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले, "काही बिनसलंय का? कुणी काही बोललं का त्यांना?" एकाने तर, पद न मिळाल्याचा हा निषेध आहे, असं ठरवूनही टाकलं. आता खुर्च्या मांडायला माणूस मिळत नाही, आणि त्याचं खापर उघडउघड इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, एनएचएसवर फुटतं.

येरझारे हल्ली बाराला झोपतात, पाचला उठतात. आठवड्यात एखादी रात्र न्यू वॉकची असतेच. बरे झालात का, असं विचारलं की म्हणतात, "नाही, पण आता कोण कुणाला चालवतं, ते ठाऊक आहे." तुमच्या घरात रात्री कुणी ओसरीवर, जिन्यात, गॅलरीत फिरत असेल, तर त्याला चंचल, भक्त किंवा कार्यकर्ता ठरवायच्या आधी डॉक्टरांकडे न्या. आधीच गोळी चालू असेल आणि पाय दिवसेंदिवस लवकर जागे होत असतील, तर गोळी आपल्या मनाने वाढवू नका, आपल्या मनाने सोडूही नका. आणि रक्ताचा अहवाल नॉर्मल आहे, एवढं ऐकून परत येऊ नका. फेरिटिन किती, तो आकडा विचारा.